बिल फाडले, पण विक्री झाली का?

मार्च संपत आला की भोसरी, तळवड्यापासून चाकण-म्हाळुंगेपर्यंतच्या लहान-मध्यम कारखानदारांचे प्रश्न बहुतेक दोनच असतात. "गाडी एकतीसला गेली, विक्री याच वर्षात धरायची ना?" आणि "पुढे खर्च येणार हे दिसतंय, आत्ताच तरतूद टाकून ठेवू का?" पहिल्या प्रश्नामागे बँकेची लिमिट असते, दुसऱ्यामागे आयकर. फेब्रुवारीत बँकेसाठी उलाढाल मोठी हवी आणि मार्चमध्ये करासाठी नफा छोटा हवा, ही ओढाताण एकाच टेबलावर चालते. उत्तर मात्र दोन्ही प्रश्नांना एकाच जागी सापडते. ३१ मार्चपर्यंत प्रत्यक्षात काय घडले आणि ते दाखवणारा कागद तुमच्याकडे आहे का, एवढे पाहायचे.

तुम्हाला कोणते नियम लागू होतात?

- मालकी हक्काचा धंदा, भागीदारी किंवा छोटी प्रायव्हेट लिमिटेड असेल, तर महसुलासाठी लेखा मानक ९ आणि तरतुदींसाठी लेखा मानक २९.
- कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असेल किंवा तिचे नक्त मूल्य २५० कोटी रुपये वा त्याहून जास्त असेल, तर इंड एएस ११५ आणि ३७. अशा कंपनीची उपकंपनी, सहयोगी कंपनी किंवा संयुक्त उपक्रम असाल, तर तुमची कंपनी आकाराने लहान असली तरी तुम्हालाही हेच नियम.
- आयकरासाठी उत्पन्न मोजण्याची मानके वेगळी आहेत. त्यांना सगळे 'आयसीडीएस' म्हणतात. त्यामुळे पुस्तकातला नफा आणि करपात्र नफा जुळत नाही. तो जुळलाच पाहिजे असा हट्ट धरू नका, फरकाचा तक्ता मागा.

पुढे आयकराची कलमे येतील ती १९६१ च्या कायद्यातली आहेत. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाला असून त्यात क्रमांक बदलले आहेत, इथे सांगितलेल्या तरतुदींचा गाभा तोच आहे.

एकतीस मार्चची गाडी

समजा तुमचा कारखाना भोसरी एमआयडीसीत आणि ग्राहक चाकणला. ३१ मार्चच्या संध्याकाळी आठ लाखांचा माल निघाला. ई-इनव्हॉइस झाले, ई-वे बिल झाले. मोशीच्या पुढे गाडी अडकली, ग्राहकाच्या गेटवर रात्री पोहोचली तेव्हा स्टोअर बंद. गेट एन्ट्री १ एप्रिलची आणि जीआरएन २ तारखेचे.

आता पीओ काढा आणि डिलिव्हरीची अट वाचा. 'एक्स-वर्क्स' असेल, म्हणजे माल तुमच्या गेटबाहेर पडताच जोखीम ग्राहकाची, तर विक्री मार्चची. 'ग्राहकाच्या कारखान्यात पोहोच' अशी अट असेल, वाटेत गाडी उलटली तर नुकसान तुमचे असेल, तर विक्री एप्रिलची. लेखा मानक ९ मालकी आणि महत्त्वाची जोखीम कुणाकडे गेली हे विचारते, इंड एएस ११५ मालावरचा ताबा कुणाकडे गेला हे विचारते. आपल्या पट्ट्यातल्या साध्या पुरवठ्यात दोन्हींचे उत्तर बहुधा सारखेच येते.

दुसऱ्या प्रकारात नोंद अशी होईल: आठ लाखांची विक्री मार्चमधून बाहेर. तो माल घडवायला ६.२० लाख लागले असतील, तर तेवढा 'वाटेतला माल' म्हणून साठ्यात. १.८० लाखांचा नफा एप्रिलमध्ये. १८ टक्क्यांनी येणारा १.४४ लाखांचा जीएसटी मात्र मार्चच्याच विवरणात जातो, कारण तिथे बिलाची तारीख चालते. जीएसटीची उलाढाल आणि ताळेबंदातली उलाढाल यांत फरक दिसला म्हणून घाबरून विक्री मार्चमध्ये ओढू नका. फरक का पडला, याचा एक पानी ताळमेळ फाइलला लावा, पुरे.

बँकेचे स्टॉक स्टेटमेंटही याच वेळी तपासा. कंपनीला लेखापरीक्षण अहवालाचा 'कॅरो २०२०' हा आदेश लागू असेल आणि साठा व येणे तारण ठेवून घेतलेली खेळत्या भांडवलाची मंजूर मर्यादा पाच कोटींच्या वर असेल, तर बँकेला दिलेली तिमाही आकडेवारी पुस्तकांशी जुळते का, हे लेखापरीक्षकाला अहवालात लिहावे लागते. तोच माल साठ्यातही आणि येण्यातही दाखवला असेल, तर तो इथे उघडा पडतो.

नुसती मजुरी असेल तर

ग्राहकाने चलनावर कास्टिंग पाठवले, तुम्ही मशीनिंग करून परत दिले. तुमचा महसूल म्हणजे मजुरी. कास्टिंगची किंमत उलाढालीत मिळवून फुगवू नका. काही ठिकाणी ग्राहक कच्चा माल कागदोपत्री तुम्हाला 'विकतो' आणि तयार भाग परत विकत घेतो. तिथे तो माल दुसऱ्या कुणाला विकायची तुम्हाला मोकळीक आहे का, भावातला चढउतार कुणाच्या अंगावर, हे बघूनच पूर्ण किंमत धरायची की फक्त मजुरी, ते ठरते. हा निर्णय सीएसोबत वर्षाच्या सुरुवातीला घ्या.

दरफरक: वाढीव वेगळा, घटीचा वेगळा

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. पोलाद जानेवारीत महागते, परचेसवाले फोनवर म्हणतात, "करून देऊ, सप्लिमेंटरी टाका." सुधारित पीओ येतो मेमध्ये, तोही मागितल्यापेक्षा कमी दराने. मग मार्चमध्ये किती धरायचे?

- पीओमध्ये दरवाढीचे सूत्र लेखी असेल, कोणत्या निर्देशांकावरून आणि कोणत्या तिमाहीपासून हे ठरलेले असेल, तर सूत्राप्रमाणे येणारी रक्कम मार्चमध्ये धरा.
- सूत्र नाही, पण ताळेबंदावर सही होण्याआधी ग्राहकाने मार्चपूर्वीच्या मालासाठी दर लेखी मान्य केला, तर तोही धरता येतो.
- फक्त फोन असेल, तर शून्य. महसूल धरायला रक्कम वसूल होण्याची वाजवी खात्री लागते.

आयकरातही हेच आहे. २०१८ मध्ये आलेल्या कलम १४५बी नुसार भाववाढीचा दावा ज्या वर्षी वसुलीची वाजवी खात्री होते, त्या वर्षीचे उत्पन्न. त्यामुळे न मिळालेल्या दरवाढीवर कर भरण्याचे कारण नाही, आणि मान्य झालेली दरवाढ पैसे हातात येईपर्यंत लांबवताही येत नाही.

भाव उतरतो तेव्हा चित्र उलटते. ग्राहकाची डेबिट नोट जूनमध्ये येणार, पण सूत्राप्रमाणे जानेवारी ते मार्चच्या मालाचे दर कमी होणार हे तुम्हाला मार्चमध्येच माहीत आहे. मग ती घट मार्चच्या विक्रीतूनच वजा करा. डेबिट नोट आली नाही म्हणून थांबलात, तर यंदाचा नफा फुगतो आणि पुढच्या वर्षीचा उगाच पडतो.

लाइन रिजेक्शनचेही तसेच. १२ एप्रिलला ग्राहकाच्या असेंब्ली लाइनशेजारी लाल टॅग लावलेली बिन उभी आहे, टॅगवर मार्चचा बॅच नंबर आहे. दोष माल पाठवतानाच होता. ताळेबंदावर अजून सही झालेली नसेल, तर त्या नगांची विक्री मार्चमधूनच कमी करा, आणि त्याच बॅचचे आणखी नग परत येण्याची शक्यता असेल तर त्याचाही अंदाज घाला. जीएसटीची क्रेडिट नोट पुढच्या आर्थिक वर्षाच्या ३० नोव्हेंबरपर्यंत किंवा वार्षिक विवरण भरेपर्यंत, यांतली जी तारीख आधी येईल तोवर विवरणात दाखवता येते. ग्राहकाने डेबिट नोट काढली म्हणून तुमचे काम संपत नाही. जीएसटी कमी व्हायचा असेल तर क्रेडिट नोट तुम्हालाच काढावी लागते.

मशीन बनवणाऱ्यांसाठी

एसपीएम किंवा कन्व्हेयर बनवत असाल तर पीओमध्ये साधारण तीन टप्पे असतात: अ‍ॅडव्हान्स, डिस्पॅचच्या वेळी मोठी रक्कम आणि कमिशनिंगनंतर उरलेले दहा टक्के. अ‍ॅडव्हान्स म्हणजे विक्री नव्हे, ते देणे आहे. मशीन नुसते बसवून प्लग लावायचे असेल, तर पोहोचल्यावर महसूल धरता येतो. पण ग्राहकाच्या जागेवर चाचणी घेऊन ठरलेला सायकल टाइम आणि अचूकता मिळाल्याशिवाय तो मशीन स्वीकारणार नसेल, तर स्वीकृतीपत्रावर सही होईपर्यंत थांबा. कमिशनिंग रिपोर्टवर ग्राहकाच्या माणसाची सही आणि तारीख घ्या. ही एक सही नसल्यामुळे हिशेबही अडतो आणि दहा टक्केही अडतात.

एएमसीचे बिल १ जानेवारीला वर्षभराचे १.२० लाखांचे केले असेल, तर मार्चअखेर महसूल ३० हजार. बाकी ९० हजार पुढच्या वर्षाचे.

डायचे पैसे ग्राहक वेगळ्या पीओने देत असेल आणि डाय त्याच्या मालकीची होत असेल, तर नमुने मंजूर होऊन डाय स्वीकारल्यावर ती विक्री होते. ते पैसे प्रत्येक नगाच्या दरात थोडे थोडे मिळणार असतील, तर डाय कुणाच्या नावावर आहे, आणि ठरलेले नग उचलले नाहीत तर उरलेली रक्कम कोण देणार, हे आधी लिहून घ्या.

तरतूद कधी करायची?

तीन प्रश्न विचारा. देणे आधीच घडलेल्या गोष्टीतून उभे राहिले आहे का? पैसे जाण्याची शक्यता न जाण्यापेक्षा जास्त आहे का? रकमेचा विश्वासार्ह अंदाज बांधता येतो का? तिन्हींना 'हो' असेल तर तरतूद. एकालाही 'नाही' असेल तर तरतूद नाही.

'विश्वासार्ह अंदाज' म्हणजे पैपैचा हिशेब नव्हे. २२ सप्टेंबर २०१५ ला फोक्सवॅगनने डिझेल उत्सर्जन प्रकरणात सुमारे ६५० कोटी युरो बाजूला काढत असल्याचे जाहीर केले, तेव्हा दंड किती आणि दावे किती हे कुणालाच माहीत नव्हते. गाड्या मात्र विकून झाल्या होत्या आणि त्या दुरुस्त करून द्याव्या लागणार हे उघड होते. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये भारतातल्या सुमारे ३.२३ लाख गाड्या परत बोलावण्याची घोषणा झाली. अंदाज पुढे कित्येक पटींनी वाढला. अंदाज वाढला की तरतूद वाढवायची, गरज संपली की उलटवायची. 'नक्की आकडा कळेपर्यंत काहीच नको' हे बसत नाही.

तुमच्याकडे हे वॉरंटीत दिसेल. समजा वर्षात तीन कोटींची मशीन विकली. मागच्या तीन वर्षांत वॉरंटीखाली सुटे भाग, इंजिनिअरचा प्रवास आणि मजुरी मिळून विक्रीच्या सरासरी १.२ टक्के खर्च झाला. तरतूद ३.६० लाख. तिचे खाते असे चालेल:

- सुरुवातीची शिल्लक ३.०० लाख
- यंदाची नवी तरतूद ३.६० लाख
- यंदा प्रत्यक्ष खर्च २.१० लाख
- मुदत संपलेल्या मशीनची उलटवलेली तरतूद ०.५० लाख
- अखेरची शिल्लक ४.०० लाख

छोट्या कंपन्यांना हा तक्ता ताळेबंदात छापण्याची सक्ती नाही, तरी करून ठेवा. अशी वॉरंटी तरतूद आयकरात वजावट म्हणून मान्य होते, हे सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये रोटॉर्क कंट्रोल्सच्या निकालात सांगितले आहे. त्या निकालाचा आधार मागच्या वर्षांचा पद्धतशीर तपशील हाच होता. आयसीडीएसची भाषा अधिक कडक आहे, तिथे पैसे जाण्याची 'वाजवी निश्चिती' मागितली जाते. म्हणून सर्व्हिस रजिस्टर जपा. 'विक्रीच्या दोन टक्के टाकून दिले' असे सांगितलेत तर वजावट टिकणार नाही.

या नावाखाली तरतूद करू नका

- पुढच्या वर्षी होऊ शकणारा तोटा.
- पुढच्या वर्षी करायचे मशीनचे ओव्हरहॉलिंग किंवा शेडचे पत्रे. काम झालेले नाही, देणे उभे नाही.
- 'अडीअडचणीसाठी' ठेवलेली गोळाबेरीज. तेवढा नफा राखीव निधीत न्या, खर्चात नको.
- बुडीत येण्याची तरतूद करून ती करात मागणे. पुस्तकात तरतूद योग्यच, पण वजावट मिळते ती येणे प्रत्यक्ष निर्लेखित केल्यावर.

एक अपवाद लक्षात ठेवा. दर बांधून घेतला, माल महागला, आणि करार मोडला तरी भरपाई भरावी लागणार, पाळला तरी तोटाच. असा करार हातात असेल तर पाळण्याचा तोटा आणि मोडण्याची भरपाई यांत जे कमी, त्याची तरतूद आत्ताच करावी लागते.

तळेगावच्या जनरल मोटर्सच्या कारखान्यातले उत्पादन डिसेंबर २०२० मध्ये थांबले. असा एकच मोठा ग्राहक जातो, तेव्हा पुरवठादाराने तरतुदीचे कोष्टक उघडण्याआधी साठा आणि डाय बघाव्यात. ज्या मालाला दुसरे गिऱ्हाईक नाही, तो भंगाराच्या भावावर आणावा लागतो.

कामगारांची देणी

ग्रॅच्युइटी पाच वर्षांनी द्यायची असली तरी देणे दरवर्षी साठत जाते. पन्नासपेक्षा कमी माणसे असलेल्या छोट्या कंपनीला विमागणिती नेमण्याची गरज नाही. सगळे ३१ मार्चला काम सोडतात असे धरून हिशेब केला तरी चालतो. महिना २२,००० वेतन आणि आठ वर्षे नोकरी असेल, तर २२,००० गुणिले १५ गुणिले ८ भागिले २६, म्हणजे १,०१,५३८ रुपये. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेने ठरावीक मुदतीच्या कामगाराला एका वर्षानंतर ग्रॅच्युइटीचा हक्क दिला आहे, आणि वेतनाची व्याख्याही बदलली आहे. चाकण पट्ट्यात अशा नेमणुका भरपूर असल्याने जुना तक्ता पुढे ओढू नका. करात वजावट हवी असेल, तर रक्कम मान्यताप्राप्त ग्रॅच्युइटी निधीत भरा. नुसत्या तरतुदीला कलम ४०ए(७) आड येते.

बोनसमध्ये एक छुपी अडचण आहे. वर्ष मार्चला संपते, बोनस दिवाळीला देतात, आणि वजावट त्याच वर्षी हवी असेल तर विवरणपत्राच्या मुदतीआत पैसे दिलेले असावे लागतात. लेखापरीक्षण लागू असलेल्यांची मुदत सामान्यतः ३१ ऑक्टोबर. २०२६ मध्ये लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे. बोनस ऑक्टोबरातच वाटा. कामगारही नाही म्हणणार नाहीत.

नोटीस आली तर

जीएसटीची किंवा सीमाशुल्काची नोटीस आली की काही जण पूर्ण रकमेची तरतूद करतात, काही जण ड्रॉवरमध्ये ठेवून देतात. दोन्ही चूक. वकिलाचे किंवा सीएचे लेखी मत घ्या.

- हरण्याची शक्यता जास्त: तरतूद.
- हरू शकतो, पण बाजू मजबूत: पुस्तकात नोंद नाही, ताळेबंदाखाली टीप. याला संभाव्य देणे म्हणतात.
- मागणी उघडच चुकीची, पैसे जाण्याची शक्यता नगण्य: टीपही नको.

चाकणला कारखाना असलेल्या स्कोडा ऑटो फोक्सवॅगन इंडियाला २०२४ मध्ये सुटे भाग आयातीच्या वर्गीकरणावरून सुमारे १४० कोटी डॉलरची सीमाशुल्काची नोटीस आली आणि २०२५ मध्ये कंपनी मुंबई उच्च न्यायालयात गेली. अशा प्रकरणात रकमेच्या आकारावरून तरतूद ठरत नाही. पैसे जाण्याची शक्यता किती, हेच विचारायचे, मग मागणी ४० हजारांची असो की हजारो कोटींची. एकाच नोटिशीत दोन मुद्दे असतील तर ते सुटे करा. एकावर तरतूद आणि दुसऱ्यावर टीप असे होऊ शकते.

उलट बाजूने, तुम्ही केलेला विम्याचा दावा किंवा ग्राहकावरचा खटला 'जिंकणारच' वाटला तरी उत्पन्न म्हणून धरू नका. मिळणे जवळपास नक्की झाले की मगच.

तुमचे हक्क

सूक्ष्म व लघु उद्योगांना २००६ च्या एमएसएमई विकास कायद्याने दिलेले हक्क हिशेबातही उपयोगी पडतात.

- माल पोहोचल्यापासून १५ दिवसांत ग्राहकाने लेखी हरकत घेतली नाही, तर तो पोहोचला त्याच दिवशी स्वीकारला असे धरले जाते. जीआरएन उशिरा काढून मुदत लांबवता येत नाही. पोचपावतीची तारीख जपा.
- लेखी करार असला तरी ४५ दिवसांपलीकडे मुदत चालत नाही. करार नसेल तर १५ दिवस.
- उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढ व्याज. मात्र वसुलीची खात्री होईपर्यंत हे व्याज उत्पन्नात धरू नका.
- दाद सुविधा परिषदेकडे मागता येते. परिषदेच्या आदेशाला आव्हान द्यायचे तर ग्राहकाला ७५ टक्के रक्कम आधी भरावी लागते.
- २५० कोटींच्या वर उलाढाल असलेल्या कंपन्यांना 'ट्रेड्स' मंचावर नोंदणी बंधनकारक झाली आहे. तिथे बिल वटवून घेता येते.

१ एप्रिल २०२५ पासून लघु उद्योगाची मर्यादा २५ कोटींची गुंतवणूक आणि १०० कोटींची उलाढाल अशी वाढली आहे. काल मध्यम असलेले काही जण आज लघु झाले आहेत, तेव्हा उद्यम प्रमाणपत्र बघा. नोंदणी मालपुरवठ्याच्या आधीची असावी, नंतरच्या नोंदणीवरून न्यायालयात वाद होतात.

हाच कायदा तुमच्यावरही चालतो. प्लेटिंगवाला, हीट ट्रीटमेंटवाला, शेजारच्या गाळ्यातला ग्राइंडिंगवाला सूक्ष्म किंवा लघु असेल आणि मुदत उलटूनही ३१ मार्चला त्याचे पैसे थकलेले असतील, तर कलम ४३बी(एच) प्रमाणे तो खर्च त्या वर्षी वजा होत नाही, पैसे द्याल त्या वर्षी होतो. बोनससारखी विवरणपत्रापर्यंतची सवलत इथे नाही.

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात करायची कामे

प्रत्येक मोठ्या ग्राहकाकडून शिल्लक खात्री मागवा, त्यात प्रलंबित डेबिट नोटा वेगळ्या लिहायला सांगा. दरफरकाचे सगळे ईमेल एका फोल्डरमध्ये काढा. पुरवठादारांची उद्यम प्रमाणपत्रे गोळा करून मुदत उलटलेली बिले आधी फेडा. शेवटच्या पाच दिवसांच्या गाड्यांची यादी करा: बिल, गेट एन्ट्री, जीआरएन आणि डिलिव्हरीची अट, असे चार रकाने. ही यादी सीएने मागण्याआधी तुम्हीच घेऊन जा, आणि ऑगस्टमध्ये नव्हे, एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात जा. तोवर गेटवरचे रजिस्टर जागेवर असते आणि गाडी केव्हा आली हे सांगणारा वॉचमनही.